सोजराबाईच्या पिशवीतला सदरा

तमाशात मी राजा होतो. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो, कारण ते सांगितल्याशिवाय मला पुढचं काही सुचत नाही. खुटबावच्या लोकांना आता याची सवय झाली आहे. मी पारावर नुसता घसा खाकरला तरी कुणीतरी म्हणतं, "राजे व्हता, म्हाईत हाय. पुढं बोला."

तर पुढं बोलतो. ही गोष्ट माझी नाही, सोजराबाईची आहे. उमेदीची सगळी वर्षं रंगमंचाच्या मधोमध उभं राहून घालवलेल्या माणसाला कडेला सरकणं जड जातं. मी प्रयत्न करतो. मध्येच माझा फेटा आडवा आला तर तो बाजूला सारून वाचा.

माझे आजोबा केंदूरचे. ते ख्रिस्ती झाले, पण घरातली नावं गावचीच राहिली, म्हणून मी ख्रिस्ती घरातला मल्हार. वडील उपासनेत पेटी वाजवायचे. त्या पेटीच्या नादानं मी देवाकडे जायचा, तो फडाकडे गेलो आणि वगातला राजा होऊन गावोगावच्या जत्रा केल्या. राजा म्हणून माझी ख्याती दोन गोष्टींसाठी होती. एक आवाज आणि दुसरी उशीर. राजा जितका उशिरा येईल तितकं पब्लिक तापतं, असं माझं शास्त्र होतं. सरदार बिचारा "महाराज येतच आहेत" म्हणून विनोदावर विनोद करायचा, त्याचे विनोद संपून शेजारच्या फडातले विनोद सुरू व्हायचे, आणि मी कनातीमागं आरशात मिशी बघत उभा असायचो. फडमालक म्हणायचे, "मल्ल्या, तू स्वतःच्या मयताला बी उशिरा जाशील."

पुढं गुडघे गेले, आवाजाला घरघर लागली, आणि मी पुतण्याकडे खुटबावला येऊन राहिलो. रविवारी मंडळीत जायला लागलो. इतकी वर्षं कुठं होतात, असं कुणी विचारलं नाही. पहिल्या ओळीत खुर्ची दिली. मागच्या ओळीत बसायला माझी हरकत नव्हती, पण मागून नीट दिसत नाही. म्हणजे मी नीट दिसत नाही.

आमचं प्रार्थनाघर पत्र्याचं. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला थोड्या अंतरावर रेल्वेची लाइन. गाडी गेली की उपदेश थांबतो. मालगाडी असली तर पाळकसाहेब घोटभर पाणी पितात, चष्मा पुसतात आणि तरी डबे संपत नाहीत. हे पाळकसाहेब म्हणजे रविराज. वयानं तरुण, दौंडहून मोटारसायकलवर येतात, शिकलेले आणि मायाळू. त्यांना माझ्याविषयी आदर आहे. पुढे सांगतो त्या नाटकानंतर तो थोडा कमी झाला, पण आहे.

सोजराबाई माझ्याच गल्लीत राहते. माहेर कवठे येमाईचं. दोन म्हशी, एक पडवी आणि दारात कायम कुणीतरी वाटी घेऊन उभं. आख्ख्या गल्लीचं विरजण तिच्या घरातून जातं. कुणाच्या घरी दही लागलं नाही की बाया म्हणतात, "सोजराआजीचं आन, तिचं लागतंच." तिला नाही म्हणता येत नाही. आमच्याकडे तिन्हीसांजेला तेल-मीठ-दूध घराबाहेर देऊ नये म्हणतात. सोजराबाई तेव्हाही देते. वर म्हणते, "रातीच्या भाजीला दुपारचं मीठ कसं पुरंल?"

तिच्या पडवीत खिळ्याला एक कापडी पिशवी टांगलेली असते. प्रभू परत येणार हे तिला जसं ठाऊक आहे तसं आम्हा इतरांना नाही. आम्हाला ते गाण्यांपुरतं ठाऊक. तिला ते एसटीसारखं ठाऊक. कधी येईल सांगता येत नाही, म्हणून तर आधी जाऊन स्टँडवर बसायचं. त्या पिशवीत धुतलेलं लुगडं, कंगवा, गाण्यांचं पुस्तक आणि जुन्या नंबरचा चष्मा असे.

मी एकदा थट्टेनं विचारलं, "सोजराबाई, तिथं लुगडी लागतात व्हय?"

"आप्पा, पाव्हण्याच्या घरला कुणी शेणाच्या हातानं जातं का?"

"आणि हा सदरा कुणाचा?" पिशवीत एक पांढरा सदरा आणि टोपीही होती.

"ह्यांचा."

"पण कोंडिबा तर उपासनेला आत येत नाही."

"म्हणून तर धुऊन ठेवलाय," ती म्हणाली आणि माझ्या वाटीत विरजण घातलं.

कोंडिबा म्हणजे तिचा नवरा. तो दर रविवारी तिच्यासोबत प्रार्थनाघरापर्यंत येतो आणि पायरीवर बसतो. पायात चपला तशाच, तोंडात तंबाखू. उपदेश संपेपर्यंत ऐकतो, पण पायरी चढत नाही. फार वर्षांपूर्वी असंच एका रविवारी तो उशिरा आला होता. उसाला पाणी द्यायची लाइट रात्रीची, त्यामुळे रात्रभर वाफ्यात उभं राहून चिखलाच्या पायांनी तो तसाच उपासनेला आला. मंडळीच्या तेव्हाच्या पंचांनी उशिरा येणाऱ्यांना शिस्त लागावी म्हणून दार आतून लावलं होतं. कोंडिबानं कडी वाजवली. आत गाणं चालू होतं. कुणी उठलं नाही. तो पायरीवर बसला, तो बसलाच. ते पंच वारले, दार बदललं, मधल्या काळात तीन पाळक येऊन गेले. सगळ्यांनी त्याला हाताला धरून बोलावलं. तो हसून म्हणायचा, "एकदा दार लावलं ना? बरं हाय हितं. वारा लागतो."

पिशवीतला सदरा तो अधूनमधून काढायचा आणि घालून केडगावच्या बाजाराला जायचा. जाताना बायकोला म्हणायचा, "माझा सदरा त्या पिशवीत कोंबू नगंस. मला न्यायचं न्हाई."  सदरा घामानं भरून परत आला की सोजराबाई तो धुवायची आणि पुन्हा पिशवीत ठेवायची. हे इतकी वर्षं चाललं होतं की सदऱ्याची कॉलर झिजली. तिच्या पोटातली भीती एवढीच होती, की ती आत आणि तो पायरीवर असतानाच बोलावणं आलं तर काय.

आता नाटक. नाताळाआधीचे रविवार प्रभूच्या आगमनाची वाट बघायचे असतात. पाळकसाहेबांनी ठरवलं, या वेळी दहा कुमारींचा दाखला नाटकरूपानं करायचा. प्रभूनं सांगितलेला हा दाखला असा, की दहा जणी दिवे घेऊन वराची वाट बघतात. पाच शहाण्या, त्या जास्तीचं तेल घेऊन येतात. पाच मूर्ख, त्या आणत नाहीत. वराला उशीर लागतो, सगळ्या झोपतात. हाक येते तेव्हा मूर्खांचे दिवे विझत आलेले. त्या तेल मागतात, शहाण्या म्हणतात, आम्हाला पुरणार नाही, विकणाऱ्याकडे जा. त्या जातात, तेवढ्यात वर येतो, लग्नघराचं दार लागतं आणि मागून आलेल्यांना आतून उत्तर मिळतं, मी तुम्हाला ओळखत नाही. जागं राहा, हा त्याचा अर्थ.

"आप्पा, तुम्ही बसवाल का?" पाळकसाहेबांनी विचारलं.

बसवाल का म्हणे. मी त्या रात्री पुतण्याला झोपू दिलं नाही. वराचं काम कुणी करावं यावर चर्चा झाली. माझ्याच मनात झाली आणि माझीच निवड झाली. सत्तरी ओलांडलेला वर. पण आवाज नको का?

पात्रं जमवणं सोपं नव्हतं. प्रत्येक आईला आपली मुलगी शहाणी हवी. प्रांजल नावाची नववीतली पोर तेवढी म्हणाली, "मला मूर्खच द्या, तिला डायलॉग जास्त आहेत." कुमारी कमी पडल्या, म्हणून चार बायका घेतल्या. त्यात सोजराबाई, शहाण्यांची पुढारी. कोंडिबा पायरीवरून म्हणाला, "नातवंडं झाली आन् बायको कुमारी झाली. प्रभूचा चमत्कार." पाळकसाहेबांना खोकला आला.

पहिल्या तालमीत प्रांजल म्हणाली, "आमचे दिवे विझत चाललेत. थोडं तेल द्या ना." सोजराबाईनं वाटी उचलली आणि तिच्या पणतीत तेल ओतलं.

"सोजराबाई," मी म्हणालो, "नाही म्हणायचं आहे."

"व्हय की. विसरले."

दुसऱ्या वेळी तिनं "नाही" असं ठणकावून म्हटलं आणि म्हणता म्हणता तेल ओतलं. तिसऱ्या वेळी मी तिची वाटी काढून घेतली, तर तिनं शेजारणीची वाटी उचलली. मी राजाच्या आवाजात ओरडलो. ती जराही घाबरली नाही. म्हणाली, "आप्पा, पोर समोर उभी ऱ्हाऊन तेल मागतीय. नाही म्हणायला जीभ तर रेटायला पायजे."

शेवटी पाळकसाहेबांनी तिला जवळ बसवलं. "मावशी, हे स्वयंपाकाचं तेल नाही. तेल म्हणजे ज्याचा त्याचा विश्वास. तो एकाचा दुसऱ्याला ओतून देता येत नाही. द्यावासा वाटला तरी."

सोजराबाईनं हातातली वाटी खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "म्हंजी माझ्या दिव्यावर त्यांना नेता येणार न्हाई."

कुणाला, ते आम्हाला सगळ्यांना कळलं. पायरीवर तंबाखू मळणारा हात थांबला होता.

"नाही, मावशी," पाळकसाहेब म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता, पण खोटं ते बोलले नाहीत.

"बरं," ती म्हणाली. "पण दुकान कुठं हाय, त्ये तरी दाखवावं का न्हाई?"

पाळकसाहेब चष्मा पुसायला लागले. तेवढ्यात मालगाडी आली, म्हणून बरं झालं.

तेल विकणाऱ्याचं काम कुणी घेत नव्हतं. मी कोंडिबाला गाठलं. "दुकान बाहेरच आहे. अंगणातल्या लिंबाखाली बसायचं, पोरी आल्या की तेल घालायचं आणि म्हणायचं, घ्या आणि लवकर जा. तुला आत यायचं कारणच नाही."

"तंबाखू चालंल?"

"दुकानदाराला चालते."

"मग करतो. दार लावायचा भाग तर मला पाठच हाय."

नाटकाच्या दिवशी सोजराबाईनं स्वतःच्या हातानं पिशवीतून सदरा आणि टोपी काढली. "दुकानदार नीटनेटका पायजे," एवढंच म्हणाली. कोंडिबानं सदरा घातला आणि तेलाचा डब्बा घेऊन लिंबाखाली पोत्यावर बसला.

माणसं प्रार्थनाघरासमोरच्या मांडवात बसली. प्रार्थनाघराचं दार म्हणजे लग्नघराचं दार, आणि दारात काठी घेऊन पाळकसाहेब द्वारपाल. मी शेजारच्या खोलीत. खोलीच्या खिडकीतून मांडव, लिंब आणि पायरी सगळं दिसत होतं. जरीचा फेटा मी दुपारपासून बांधून तयार होतो. फक्त मिशी राहिली होती. ती चिकटवायचा डिंक माझ्या जुन्या पेटीतला, माझ्याइतकाच जुना. आरशात बघावं तर डावी बाजू बसायची, उजवी सुटायची. उजवी दाबावी तर डावी नाकात जायची. मिशीशिवाय वर येऊ शकतो, हे आता मला कुणीही सांगेल. तेव्हा खोलीत मी एकटाच होतो.

बाहेर नाटक रंगलं होतं. हाक झाली. कुमारी उठल्या. प्रांजलनं तेल मागितलं. मी एका हातानं मिशी दाबून खिडकीशी गेलो. सोजराबाई उभी राहिली, वाटी पोटाशी धरली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "नाही. आम्हाला पुरणार नाही. तुम्ही विकणाऱ्याकडं जा." एक थेंब सांडला नाही. मला भरून आलं. माझी शिष्या.

मग ती जरा थांबली आणि म्हणाली, "पण अंधारात पोरी एकट्या कशा जाताल? चला, मी बी येते." आणि दिवा घेऊन लिंबाकडे चालू लागली.

पाच मूर्ख मागे निघाल्या. उरलेल्या चार शहाण्यांनी एकमेकींकडे पाहिलं. एकीनं पदर खोचला आणि तीही निघाली. मग बाकीच्या. रंगमंच रिकामा. रंगमंच रिकामा राहणं म्हणजे काय, हे तमासगीरालाच विचारा. बाहेर वऱ्हाड नाही, सरदार नाही, विनोद करायला कुणी नाही. दारात एकटे पाळकसाहेब, काठी काखेत मारून, दोन्ही फळ्या उघड्या धरून. पुढं काय करायचं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

लिंबाखाली कोंडिबा पोरींच्या पणत्यांत तेल घालत होता. "घ्या आन् लवकर जा." शेवटी सोजराबाई समोर आली.

"तू कशाला आलीस? तुझा तर जळतोय."

"तुम्हाला न्यायला."

 हे नाटकात नव्हतं, हे शेवटच्या ओळीतल्या लेकरालाही समजलं.

"मी दुकानदार हाय," कोंडिबा म्हणाला.

"तेल संपलं. दुकान बंद करा."

"तिथं दार लावत्यात."

"अजून लावलं न्हाई. बघा तरी."

कोंडिबानं पाहिलं. पाळकसाहेब तसेच उभे. दोन्ही हात पसरून, घामाघूम.

याच वेळी माझी मिशी बसली. दोन्ही बाजूंनी. माझी वेळ केव्हाच होऊन गेली होती, आणि पाळकसाहेब मान वळवून माझ्या खिडकीकडे बघत होते. मी निघालो, उंबऱ्यावर आलो, आणि कोंडिबाला उठताना पाहिलं. हाताचा टेका घेऊन, सावकाश. त्यानं डब्बा प्रांजलकडे दिला. तोंडातली तंबाखू थुंकली. मी पाऊल मागे घेतलं आणि डोकं आत ओढलं.

नंतर लोकांनी माझं फार कौतुक केलं. आप्पांनी ओळखून वेळ दिला, म्हणाले. खरं सांगतो, पहिला सगळा उशीर मिशीचा. शेवटचा एवढासा तेवढा माझा, आणि तोही मी जन्मभर तेच करत आलो म्हणून जमला.

कोंडिबा पायरीशी आला. थांबला. सोजराबाईनं त्याचा हात धरला नाही, ओढलं नाही. ती नुसती दिवा घेऊन बाजूला उभी राहिली. त्यानं चपला काढल्या, पायरीच्या कडेला सारख्या ठेवल्या, आणि वर गेला. आत.

मग मी मांडवामागून प्रवेश केला. असा प्रवेश मी फडातही केला नसेल. छाती पुढे, शेला उडतोय, फेट्याचा तुरा आभाळाला. आणि मांडवातल्या एकाही माणसानं माझ्याकडे पाहिलं नाही. सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे आणि तोंडं दाराकडे. माझ्या उभ्या आयुष्यातला हा पहिला प्रवेश, ज्याला टाळी पडली नाही. मी तसाच चालत दारापर्यंत गेलो. वाटेत उजवी मिशी सुटली.

कुमारी दहाच्या दहा आत आल्या, दुकानदारासकट. आता दार लावायचं, तर बाहेर कुणी उरलंच नाही. मी तुम्हाला ओळखत नाही, हे वाक्य म्हणायचं कुणाला? मी पाळकसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी द्वारपालाची काठी खाली ठेवली आणि मांडवाकडे वळले.

"दाखल्यात दार लागतं," ते म्हणाले. "ते मी खोडू शकत नाही. एक दिवस लागेल. कुणाच्या तेलावर कुणी जाणार नाही, हेही खरं. पण वराला उशीर का लागतो, हा प्रश्न मला लहानपणापासून पडायचा. शास्त्रात दुसऱ्या एका ठिकाणी त्याचं उत्तर आहे. त्याला उशीर होत नाही. तो थांबतो. कुणी मागे राहू नये म्हणून. आज दार उघडं आहे." ते आणखी बोलणार होते, पण गाडी आली.

पुढच्या रविवारपासून कोंडिबा आत बसतो. शेवटच्या खुर्चीवर, दाराच्या फळीला पाठ लावून. म्हणतो, "आता दार लावायचं तर आदी मला उठवावं लागंल."

नाटकाच्या दुसऱ्या दिवशी मी विरजणाला गेलो होतो. सोजराबाई म्हशीचं पाणी बघत होती. दोरीवर सदरा वाळला होता. कोंडिबानं तो काढला, मांडीवर घेऊन त्याची घडी घातली, ती जमली नाही म्हणून पुन्हा घातली. मग उठून खिळ्यावरची पिशवी खाली घेतली, तिच्या लुगड्याच्या शेजारी सदरा ठेवला आणि वर टोपी दाबली.

"टोपीबी असू दे," तो कुणाकडे न बघता म्हणाला. "तिथं ऊन असंल."

सोजराबाईनं ऐकलं. तिनं मागे वळून पाहिलं नाही. म्हशीच्या पाठीवर नुसता हात फिरवत राहिली, बराच वेळ, म्हैस वैतागेपर्यंत. मग हात धुऊन माझ्याकडे आली आणि माझ्या वाटीत विरजण घातलं. नेहमीपेक्षा चमचाभर जास्त.

"आप्पा, तुमची पिशवी भरली का न्हाई अजून?"

"भरतोय," मी म्हणालो. "जरीचा फेटा ठेवला. शेला ठेवला. दोन मिशा आणि डिंकाची नवी बाटली."

ती हसली. "तिथं वर एकच असतो, आप्पा. आपुन वऱ्हाडात."

घरी येऊन मी पिशवी उपसली. फेटा काढला, शेलाही काढला. मिशा अजून आत आहेत. एक तरी काढीन म्हणतो.